फिटरमामांचा कागद

फिटरमामांना कोणी ‘जाऊ द्या ना मामा’ म्हटलं की ते त्या माणसाशी आठ-आठ दिवस बोलत नसत. नेरच्या स्टँडवरच्या चहाच्या टपरीत निम्म्या लोकांशी त्यांचा अबोला असायचा तो याच एका वाक्यावरून. “जाऊ कायले देऊ? गेलं ते माह्यं होतं,” एवढं म्हणून ते बशीतला चहा संपवत आणि उठत. मला ते आवडले ते यासाठीच. माफ करणारी माणसं माझ्या घरात भरपूर होती. त्या वर्षी मला एक माफ न करणारं माणूस हवं होतं.

मामा गावातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, तीस वर्षं फिटर होते. रोलर आणि चाकू यांच्यातलं अंतर ते कानानं लावायचे. मशीन लावून झालं की मूठभर कापूस घालायचा आणि खाली पडलेली सरकी तळहातावर घेऊन बघायची. सरकी फुटली तर चाकू फार जवळ, सरकीला रुई चिकटून राहिली तर फार लांब. “माणूस खोटं बोलते, सरकी नाई बोलत,” असं त्यांचं म्हणणं. मग बोंडअळीची सालं आली. कापूस येईना, जिनिंग आठवड्यातून दोनच दिवस चालू लागलं, आणि त्यात एकदा मशीनघरात आग लागली. जिनिंगचे मालक, ज्यांना आम्ही सगळे शेठ म्हणायचो, ते सगळ्या मजुरांसमोर बोलले, “मशीनमध्ये काही खोट नव्हती. खोट फिटरच्या हातात आहे.” मामांनी आदल्याच दिवशी सेटिंग तपासलं होतं, पण तसा कागद त्यांच्याजवळ नव्हता. तीस वर्षांत तो कोणी मागितलाच नव्हता. नोकरी गेली याचं त्यांना वाईट वाटलंच, पण ते वाक्य त्यांना जेवताना आठवायचं.

तेच वाक्य दोन वर्षांनी माझ्या वाट्याला आलं. मी तेव्हा तिरंदाजी खेळायचे. शेठ आमच्या तिरंदाजी मंडळाचेही अध्यक्ष होते. मंडळानं मला जुनं कंपाउंड धनुष्य दिलं होतं, म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं. यवतमाळला निवड चाचणी होती आणि राज्याच्या संघात मुलींची एकच जागा. माझा एक बाण वर जाई, एक खाली. धनुष्य बिघडलंय असं मी सांगायला गेले, तर शेठ माईकवरून म्हणाले, “धनुष्यात काही खोट नाही. खोट पोरीच्या हातात आहे.” मैदान हसलं. जागा त्यांच्या मुलीला मिळाली. ती नव्या धनुष्यानं खेळली होती.

संध्याकाळच्या एसटीनं मी नेरला उतरले तेव्हा टपरीवर मामा होते. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. ते वाक्य ऐकताच त्यांनी बशी खाली ठेवली.

“दाखव बरं.”

धनुष्य त्यांनी उलटंपालटं केलं, मला दोर ओढायला लावला आणि चाकांकडे बघत राहिले. “हे तं आपलंच हाये. दोन चाकं, आन् दोघायनं एकाच टायमाले फिराले पाह्यजे. वरचं आधी फिरून राह्यलं, खालचं मागून. बाण कसा लागन?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगारातल्या जुन्या शिकंज्यापासून धनुष्य दाबून धरायची एक सोय केली. त्यात ते अडकवायचं, दोराला एक पीळ द्यायचा, काढायचं, ओढून बघायचं. चार दिवस हेच चाललं. चाकं जुळली तेव्हा त्यांनी लाकडी चौकटीवर वर्तमानपत्र ताणून बसवलं आणि दोन ढांगांवरून मला बाण मारायला सांगितलं. बाण सरळ गेला तर कागदाला गोल भोक पडतं. शेपूट हलली तर कागद त्या बाजूला फाटतो. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. सरकी बघायची सवय होती, तसा कागद बघितला.

दोरावर बाण अडकवायची जागा खाली-वर करून उभी फाट गेली. आडवी मात्र जाईना. मामा कागद सोडून माझ्या हाताकडे बघायला लागले.

“मूठ काहून आवळतं?”

“राग येतो, मामा.”

“येऊ दे ना. पण मुठीत आला की बाण शेपूट हालवते. राग पाठीत ठेव, ओढाले कामी येते.”

राग सोडून दे, असं ते म्हणाले नाहीत. मला असा सल्ला देणारे ते एकटेच. त्यानंतर तिसऱ्या दिवशी भोक गोल पडलं.

पुढच्या चाचणीच्या आधी शेठनी मुलीसाठी आणखी भारी धनुष्य मागवलं आणि तेही कुठल्या कुठं मारायला लागलं. एव्हाना माझं धनुष्य मामांनी लावल्याचं तालुकाभर झालं होतं. शेठचा निरोप आला आणि मामा लगेच निघाले. मी त्यांना रस्त्यात गाठलं. “मामा, एक बोल्ट अर्धा आटा ढिला ठेवा. कोणाला कळणार नाही.”

ते इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. “ढिला ठेवला तं शेठ खरा होते. मंग माह्या हातात खोटच हाये. मी बरोबर लावून देईन. तिच्यापाशी बहाणा ठेवणार नाई.”

दोन दिवसांनी मुलीच्याच हातून कागदाला गोल भोक पडलं. मामांनी तो कागद शेठपुढे धरला आणि खाली ‘सेटिंग बरोबर’ लिहून सही करायला सांगितली. शेठ हसले, पण सही केली.

चाचणीत पन्नास मीटरवर शेठची मुलगी घाबरली. शेवटचे तीन बाण पार बाहेर गेले. माझे तिन्ही मधल्या पिवळ्यात बसले. तिचा तसा काही दोष नव्हता, पण तेवढा मोठेपणा माझ्यात तेव्हा नव्हता. आजही नाही.

शेठ माईकपर्यंत पोचलेच. “या म्हाताऱ्यानं धनुष्य बिघडवलं. जुना दावा साधला.”

मामा गर्दीतून सावकाश पुढे गेले आणि बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. “भोक गोल हाये, शेठ. सही तुमची हाये. आता सांगा, खोट कशात हाये?”

शेठनी कागदाकडे पाहिलं, मग मुलीकडे. दुसऱ्यांबद्दल फटकन निघालेलं ते वाक्य आता पोटच्या पोरीबद्दल म्हणायचं होतं. मामा समोरच उभे राहिले. “बोला ना. मले घाई नाई.”

शेठनी माईक खाली ठेवला. मुलगी रडायला लागली तेव्हा मामांनी कागदाची घडी घातली. परतीच्या बसमध्ये मी चुकून म्हणाले, “मामा, आता तरी जाऊ द्यायचं ना?” ते उठून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले.

मामा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. कागद त्यांनी मरणाआधी माझ्याकडे दिला होता. मी आता यवतमाळला मुलींना शिकवते आणि धनुष्य लावून झालं की भोक पडलेल्या कागदावर सही घेतल्याशिवाय ते कोणाच्या हाती देत नाही. मामा गेले त्या दिवशी स्मशानात शेठही आले होते. माझ्याजवळ येऊन हात जोडून म्हणाले, “मोठा कारागीर होता. झालं गेलं, जाऊ द्या आता.”

मी म्हटलं, “त्यांच्या हातात खोट नव्हती, एवढं इथं सगळ्यांसमोर सांगा. मग जाऊ देते.”

शेठनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते गाडीकडे चालायला लागले. मामा आठ दिवस बोलत नसत. मी अजून बोललेले नाही.