प्यो सरांची आन्दोंगची सहल

२२ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी धुके. दुपारी आन्दोंगहून दॅगूला परतलो. खारवलेल्या बांगड्याची एक जोडी आणली. प्यो सर बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले.

प्यो सर निवृत्त उपमुख्याध्यापक. मुख्याध्यापक त्यांना कुणी केले नाही, त्याचा वचपा ते आमच्या चर्चच्या ज्येष्ठ मंडळावर काढतात. आन्दोंग दीड तासावरचे लहानसे शहर, पण मुखवट्यांचा नाच कुठून बघायचा, कोंबडी कुठल्या गल्लीत खायची, जुन्या पाठशाळेत फोटोला कोणी कुठे उभे राहायचे, हे सगळे त्यांनी महिनाभर आधी माईकवरून सांगितले. आम्ही होतो जेमतेम बाराजण. आमच्या कॉन्व्हेंटच्या नन अशाला फळ्याकडे तोंड करून उभे करत.

त्यांची बायको ओकबुन माझी शेजारीण. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. सर थोरल्या घरातले थोरले, म्हणून वडिलांच्या श्राद्धाची धिरडी, भाज्या, मासे सगळे तिने घरीच रांधायचे. सर फक्त वाकून नमस्कार करणार. "यंदापासून बाहेरून मागवू या," असे ती दरवर्षी म्हणे. "माझ्या वडिलांपुढे बाहेरचं अन्न? मी जिवंत असेपर्यंत नाही!" हे सरांचे ठरलेले उत्तर. शस्त्रक्रियाही त्यापायी पुढे ढकललेली.

सहलीची तारीख जाहीर झाली तेव्हा ती उठून म्हणाली, "अहो, त्या दिवशी तर—"

"तारीख ठरली. मध्ये बोलू नकोस," सर माईकवरूनच म्हणाले. ती खाली बसली.

काल दुपारी आन्दोंगला 'खोट्या श्राद्धाचं जेवण' घेतले. ताट श्राद्धाचेच, तिखटाचा कण नाही, नुसता सोया सॉस. फक्त श्राद्ध कुणाचेच नसते. सरांनी उभे राहून भाषण ठोकले. "पूर्वीचे पंडित बघा! कुणी मेलेलं नसताना श्राद्धाची चव!"

ओकबुनने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "आज मामंजींची तिथी आहे."

"काहीतरीच! एकतीसला आहे." सरांनी फोन पुढे धरला.

"ती गेल्या वर्षीची इंग्रजी तारीख. तिथी दरवर्षी सरकते. तेच सांगत होते तेव्हा."

आमच्या मंडळातले म्हातारे कुक आजोबा घास गिळून म्हणाले, "सर, पोरांना काय शिकवत होतात हो?"

सरांचे कान लाल झाले. मग या माणसाने काय करावे? चूक झाली, एवढे दोन शब्द? छे. स्वतःचे ताट भिंतीशी नेऊन ठेवले, दोनदा वाकून नमस्कार केला आणि घसा खाकरून म्हणाले, "मी हे मुद्दामच असं आखलं होतं. वडिलांना आन्दोंगसारखं ताट घरी कुठून मिळणार?"

"खरंच?" ओकबुन म्हणाली. "तुम्हाला चालतं हे बाहेरचं?"

अकराजण बघत होते. "चालतं म्हणजे काय! उत्तम!"

"मग ठरलं. पुढच्या वर्षापासून बाहेरचंच. ताई, ऐकलंत ना?"

"सगळ्यांनी ऐकलं," मी म्हटले. सरांनी गार झालेला भात कालवायला घेतला.

आज संध्याकाळी ओकबुनने तिचा धिरड्यांचा मोठा तवा मला देऊन टाकला. माझ्या शेगडीवर तो नीट बसतो.