सासऱ्यांना दाखवलेलं ऑफिस

श्प्राखकुर्सच्या, म्हणजे जर्मन भाषेच्या वर्गाच्या, पहिल्याच दिवशी बाईंनी प्रत्येकाला विचारलं, तुमचा 'बेरूफ' काय? म्हणजे नोकरी, धंदा, जे काय असेल ते. आम्ही जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला, नुकतेच आलो होतो. बायकोला इथल्या एका संशोधन संस्थेत जागा मिळाली आणि मी भोसरीतली क्वालिटी इन्स्पेक्टरची नोकरी सोडून तिच्या व्हिसाला लटकून आलो. माझी पाळी आली आणि मी बायकोच्याच नोकरीबद्दल सांगत सुटलो. शेवटी बाईंनीच अंदाज बांधला. "आख् सो, हाउसमान!" म्हणजे घर सांभाळणारा नवरा. नुसतं म्हणून थांबल्या नाहीत, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंसुद्धा. "नाइन, नाइन! इंजिनिअर!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारची तुर्की बाई दचकली.

माझ्यानंतर एक जपानी होता. चाळिशीला आलेला, किडकिडीत, स्वेटरची कोपरं विरलेली. तो शांतपणे म्हणाला, "मी व्हिडिओ गेम बनवतो. एकटा." कुणीतरी फिस्कन हसलं. बाईंनी विचारलं, कुठल्या कंपनीत? तो म्हणाला, "कंपनी नाही. स्वयंपाकघरात."

हा गृहस्थ एक तर वेडा असावा नाहीतर निर्लज्ज, असं मला वाटलं. मग कळलं, त्याची बायको माझ्या बायकोच्याच संस्थेत आहे आणि तोही तिच्यामागून आलेला आहे. म्हणजे आम्ही दोघं एकाच पंगतीतले. फरक इतकाच की त्याला त्याचं काही वाटत नव्हतं आणि मला चोवीस तास तेच वाटत होतं.

आमची दोस्ती मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये झाली. ओसाकातल्या एका बड्या गेम कंपनीत त्यानं उमेदीची सगळी वर्षं काढली होती, आणि तिथं तो फक्त दारं बनवायचा. हो, दारं! गेममधलं पात्र दारापाशी आलं की दार कसं उघडेल, किती करकरेल, मागून कुणी आलं तर कसं मिटेल. शेकडो माणसांनी मिळून केलेल्या गेममध्ये ह्याच्या वाट्याला दारं. एके दिवशी त्यानं साहेबाला सांगितलं की मला दारापलीकडची खोलीपण करायचीय. साहेब म्हणाला, ती दुसऱ्या विभागाकडे आहे. ह्यानं राजीनामा दिला. वडिलांना तसं स्पष्ट सांगितलं, आणि तेव्हापासून वडील त्याच्या फोनवर यायचे बंद झाले.

पहिले दोन गेम त्यानं इंटरनेटवर फुकट वाटले होते. चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्रॅमिंग त्याचं. ब्राझीलमधून कुणीतरी त्याला पत्र लिहिलं होतं, ते त्यानं फ्रिजवर लावलं होतं. आता तिसरा चालू होता. त्यात एक बुटका माणूस घर बदलतो. कपाट, पलंग, आरसा, एकेक वस्तू अरुंद दारांतून बाहेर काढायची. तिरकी करून, उभी करून, कधी आधी दारच बिजागरीतून उतरवून. एका कंपनीनं हा गेम आपल्या ऑनलाइन दुकानात ठेवायचं कबूल केलं होतं, आणि त्याआधी त्यातल्या चुका कुणीतरी शोधायला हव्या होत्या.

ते काम माझ्याकडे आलं. भोसरीत मी गेज लावून मापात न बसणारे पार्ट रिजेक्ट करायचो, इथं कपाटं भिंतीत अडकवायचो. खोटं कशाला बोलू, मला फार मजा यायची. सोफा उलटा करून खिडकीतून सरकवला की तो बुटका छतावर चढून बसतो, हे मी शोधून काढलं तेव्हा जपान्यानं खुर्चीतून उठून मला वाकून नमस्कार केला. पण तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन यायचा, "काय करतोयस रे?" आणि मी घाईनं गेमचा आवाज बंद करायचो. भरदुपारी पस्तिशीतला माणूस गेम खेळतोय, हे आईला कसं सांगणार? स्वतःचीच किळस यायची.

अशाच एका फोनवर सासऱ्यांना मी बोलून गेलो, "बाबा, नोकरी लागली." का बोललो? ते काहीही म्हणाले नव्हते हो! फक्त विचारलं होतं, "जावईबापू, तब्येत बरी ना?" त्यांनी नोकरीचा विषय कधीच काढला नाही, आणि तेच मला टोचत होतं. बायकोला कळल्यावर ती भडकली. "तू सांगितलंस, तू निस्तर. मला त्यात ओढू नकोस."

उन्हाळ्यात सासरे आले. सासूबाई गेल्यापासून एकटेच असायचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. मग काय, रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन मी घरातून निघायचो आणि बस पकडून गावाच्या दुसऱ्या टोकाला जपान्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचो. सासरे दारापर्यंत यायचे, म्हणायचे, "सावकाश या." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यांचं परतीचं विमान दोन दिवसांवर आलं तेव्हा जेवताना ते म्हणाले, "जावईबापू, तुमचं ऑफिस बघायचंय. जाण्याआधी एकदा दाखवा." बायकोनं ताटातून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मी जपान्याकडे धावलो. सगळं सांगितलं. आज दुपारी तू माझा साहेब हो, हे ऑफिस आहे असं म्हण, एवढं कर माझ्यासाठी. त्यानं एवढंच विचारलं, "खरं सांगितलं तर ते तुझ्याशी बोलणं बंद करतील?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "समजलं."

दुपारी मी सासऱ्यांना घेऊन गेलो. दार उघडलं आणि मी थिजलोच. काळा सूट, पांढरा शर्ट, गळ्याशी करकचून आवळलेला टाय. ओसाकाहून आणलेला तो सूट त्यानं कपाटाच्या तळातून काढला असणार, घड्या दिसत होत्या. फ्रिजवरचं पत्र गायब. त्यानं कमरेत वाकून दोन्ही हातांनी सासऱ्यांना कार्ड दिलं. जुन्या कंपनीचं कार्ड. जिथं तो दारं बनवायचा त्या कंपनीचं. मी त्याला हे सांगितलं नव्हतं. त्यानं आपणहून केलं.

सासऱ्यांनी कार्ड वाचलं, खिशात ठेवलं. भाजलेल्या जवाचा गार चहा प्यायले. इंग्रजीत विचारलं, "आमचे जावई काय काम करतात तुमच्याकडे?"

"क्वालिटी," जपानी म्हणाला. "व्हेरी गुड क्वालिटी."

"आणि कंपनी काय बनवते?"

जपान्यानं माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईनं म्हणालो, "सॉफ्टवेअर, बाबा." जपान्यानं मान खाली घातली आणि ती वर केलीच नाही.

सासऱ्यांची नजर कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्याकडे गेली. "हा बंद का?" "सर्व्हर डाऊन आहे," मी ठोकून दिलं. "असं होय," म्हणाले आणि उठले.

बसमध्ये मी घाम पुसत होतो. निभावलं बुवा एकदाचं! सासरे खिडकीबाहेर बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मी इथं आलो त्या पहिल्याच आठवड्यात पोरीनं मला सगळं सांगितलंय."

मला बस जिथल्या तिथं थांबवून उतरून जावंसं वाटलं. कसाबसा म्हणालो, "मग बाबा, तुम्ही... ऑफिस बघायचंय असं का म्हणालात?"

"जावयाला तोंडावर कसं विचारायचं? म्हटलं, असं म्हणालो की आपणहून दाखवाल. ती म्हणाली, त्यात कपाट दारातून बाहेर काढायचं असतं. अहो, माझ्या इतक्या बदल्या झाल्या, दरवेळी कपाटं मीच काढली. मी गेम बघायला आलो होतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, आत्ता परत जाऊ. दाखवतो. तो नाही म्हणायचा नाही."

"राहू द्या," सासरे म्हणाले. "आत्ता कुठं त्यानं टाय काढला असेल. आपण बेल वाजवली की परत बांधेल."