दुधाच्या रांगेत मी पहिला होतो

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि तांबेला तर नाहीच. तांबे गेला, तोही मला सरळ माणूस समजूनच गेला. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय की काय, कोण जाणे. असेलही तसं.

आधी एक गोष्ट मोकळी करून टाकतो, नाहीतर तुमचा गैरसमज व्हायचा. मी माझ्या मतांची कबुली द्यायला बसलेलो नाही. मतं माझी तेव्हा होती तीच आज आहेत. देव मानतो, सण पाळतो, उठसूट संप आणि घेराव यांनी देशाचं वाटोळं होतं असं मला वाटतं, आणि सुधारणेचे डोस एकाच धर्माला पाजायचे नि दुसऱ्याची पाळी आली की खाकरून विषय बदलायचा, या प्रकाराची मला तेव्हाही चीड होती आणि आजही आहे. पोटगीच्या कायद्यावरून त्या वर्षांत जे काही चाललं होतं ते आठवा. आमच्या व्रतवैकल्यांवर अग्रलेख लिहिणारे तेव्हा कसे मवाळ झाले होते! वाचताना डोकं फिरायचं. तर त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं माझ्याबद्दल आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. मुलुंड पूर्वेला आमची कॉलनी – चार मजली बारा इमारती, मध्ये मैदान, आणि मैदानाच्या कडेला एका खोलीत वाचनालय. वाचनालयात पाच पेपर यायचे. मी विमा कंपनीत कारकून, पण संध्याकाळी वाचनालयाचं काम बघायचो. बाहेरच्या भिंतीवर एक फळा होता, जाळीचं दार आणि कुलूप असलेला. किल्ली माझ्याकडे. एकट्या माझ्याकडे.

त्या फळ्यावर मी दर रविवारी दोन कात्रणं लावायचो. एकाच पेपरमधली, शेजारी शेजारी, खळीनं चिकटवलेली. डावीकडे पेपरवाल्यांच्या आवडत्या मंडळींनी केलेला गोंधळ, उजवीकडे त्यांच्या नावडत्यांनी केलेला. इकडे दगड मारले की ‘जनतेचा संताप’, तिकडे मारले की ‘झुंडशाही’. खाली लाल पेन्सिलीनं एखादी ओळ – तारीख, पान, रकाना यांसकट. मथळा ठरलेला, ‘एक पेपर, दोन मापं’. लोक गर्दी करून वाचायचे. नाहूरहून येणारे दोन पेन्शनर केवळ त्यासाठी यायचे. आणि का येऊ नयेत? मी कधी एक आकडा चुकवला नव्हता. आमच्या विरोधी मताचा तांबे – भांडुपच्या कारखान्यातला, पक्का युनियनवाला – तोसुद्धा म्हणायचा, "नाना, तुझं डोकं सडकं आहे रे, पण कात्रण तू खोटं लावणार नाहीस." मला याचा फार अभिमान होता. आता लिहिताना लाज वाटते, पण होता.

मी पेपरांनाही पत्रं पाठवायचो. किती पाठवली असतील! एकही छापलं नाही. एकदा एका संपादकाच्या कचेरीतून दोन ओळींचं पोस्टकार्ड आलं, ‘जागेअभावी आपले पत्र घेता येत नाही.’ ते कार्ड मी महिनाभर लोकांना दाखवत फिरलो. जागेअभावी! यांना आमच्यासाठी जागाच नसते, म्हणून ओरडत होतो.

असो. मी पुन्हा पेपरांवरच घसरलो. सवय जात नाही.

दूध केंद्राबद्दल सांगायचं होतं. कॉलनीच्या फाटकाजवळ सरकारी दूध केंद्राची पत्र्याची टपरी होती. तेव्हा दूध काचेच्या बाटल्यांत यायचं – रिकाम्या द्यायच्या, कार्डावर खूण करून घ्यायची, भरलेल्या घ्यायच्या. केंद्र शैला चालवायची. असेल चोवीस-पंचवीसची. मालवणकडची माणसं, वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि घर त्या पोरीच्या टपरीवर चालत होतं. हात भलता चपळ. बोलणं मोजकं. रांगेत मी रोज पहिला, कारण मला पहाटे जाग येते, आणि दुसरं म्हणजे – खरं सांगायचं तर – पहिलं असायला मला आवडायचं.

त्या सुमारास आमच्या पक्षाचा बंद झाला. आमच्या म्हणजे मी ज्याला मत द्यायचो त्या. बंद कोणाचाही असो, एक रीत सगळे पाळायचे – सात वाजेपर्यंत दूध केंद्र अडवायचं नाही. लहान मुलं, आजारी माणसं, कोण कशाला वाईटपणा घेईल? लिहिलेली नसली तरी रीत होती. त्या दिवशी साडेसहालाच आठ-दहा पोरं आली. बंद कर म्हणाली. शैला म्हणाली, "सात वाजूदेत ना. रांग संपली की मीच करते." एवढंच. ना शिवी, ना आवाज. पुढच्या पोरानं क्रेटवर लाथ घातली.

रांग पांगली. मी पहिला, म्हणजे अगदी टपरीला चिकटलेला – मागे पळायला वाट नाही, पायात काचा आणि दूध. मी जागच्या जागी थिजलो. तेवढ्यात बाजूचं दार उघडलं आणि तिनं माझं कोपर धरून मला आत ओढलं. मग तिनं खिडकीची फळी आतून ओढून धरली. एक बाटली फळीच्या कडेवर फुटली आणि तिचा तळहात चिरला. फळी तिनं सोडली नाही. दहा मिनिटं आम्ही आत उभे होतो. तिच्या मनगटावरून रक्त माझ्या बाहीवर येत होतं आणि ती मला विचारत होती, "काका, तुम्हाला लागलं नाही ना?"

पोरं गेल्यावर मी घरी आलो. बायकोनं बाही बघितली. मी म्हणालो, पाय घसरला, बाटली फुटली. का म्हणालो? तेव्हा तरी काही योजून म्हणालो नव्हतो. घाबरलेला माणूस आधी खोटं बोलतो आणि मग कारण शोधतो.

दोन दिवसांनी पेपरात बातमी. नेमक्या त्याच पेपरात, ज्याच्या नावानं मी दर रविवारी लाल पेन्सिल घासायचो. चार ओळी – बंदसमर्थकांनी मुलुंडला दूध केंद्र फोडलं, केंद्र चालवणारी तरुणी जखमी. मी ती बातमी तीनदा वाचली. चूक सापडेना. एक शब्द खोटा नव्हता. त्या पेपरनं आमच्या मुलुंडबद्दल निखळ खरं छापलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो – आणि मला ते सहन होईना!

तुम्हाला कळतंय का, मला काय झालं होतं? महिनाभरापूर्वी युनियनवाल्यांच्या बंदमध्ये आमच्याच नाक्यावर बसच्या काचा फुटल्या होत्या, ड्रायव्हरच्या कपाळाला टाके पडले होते. तेव्हा याच पेपरनं लिहिलं होतं, ‘बंद कडकडीत, किरकोळ प्रकार वगळता शांतता.’ कपाळाचे टाके किरकोळ! म्हणजे माझा मुद्दा खराच होता. दोन कात्रणं शेजारी लावली असती, खाली काही न लिहिता, तरी मी जिंकलो असतो. पण मग लोक उजवीकडचं कात्रण वाचणार, आणि ते खरं आहे हे त्यांना कळणार. आमच्या पोरांनी एका मुलीचा हात फाडला, हे माझ्या फळ्यावर, माझ्या हातानं लावलेलं असणार.

म्हणून मी दोन्ही कात्रणं लावली आणि खाली लाल पेन्सिलीनं लिहिलं. ‘या केंद्रावरून रोज बाटल्या हॉटेलवाल्यांकडे वळवल्या जातात व त्यामुळे संतापलेल्या नागरिकांचा हा उद्रेक होता, हे वार्ताहराने का दडवले?’

हे मला त्या क्रेटवर लाथ घालणाऱ्या पोरानं सांगितलं होतं. तो माझ्या फळ्याचा नेहमीचा वाचक. "नाना, झकास लिहिता तुम्ही," म्हणायचा. आणि ते खोटं आहे हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? रोज पहिला मी. क्रेट उतरताना बघणारा मी. शेवटच्या माणसाला दूध मिळालं नाही असा एक दिवस मला आठवत नव्हता.

मी भ्यायलो होतो का? हो, भ्यायलो होतो. पण भीतीनं माणूस गप्प बसतो, लाल पेन्सिल घेऊन लिहायला बसत नाही. तेव्हा भीतीच्या नावावर हे मला खपवता येणार नाही.

लोकांनी ते वाचलं आणि मानलं. का नाही मानणार? नानाच्या फळ्यावर आलंय म्हणजे बघूनच लिहिलं असणार. कोणीतरी तो मजकूर उतरवून दूध खात्याकडे तक्रार पाठवली. रांगेतल्या बायका, ज्यांना ती आजवर फुटक्या बाटलीबद्दल कधी बोलली नव्हती, त्या तिच्यासमोर बाटल्या उजेडात धरून बघायला लागल्या.

मग एका संध्याकाळी तिचे वडील वाचनालयात आले. चपला बाहेर काढून, देवळात यावं तसे. हातात वहीचा कागद. "ह्यो कागद तुमच्या फळ्यार लावा," म्हणाले, "चेडवान लिवल्यान हा. लोकांका खरा काय ता कळूदे." मी त्यांच्यासमोरच शैलाचा कागद वाचला. बाटल्यांचा हिशेब खात्याकडे रोज जातो, कोणीही बघावा, असं होतं. शेवटी लिहिलं होतं – ‘त्या सकाळी एक कार्डधारक शेवटपर्यंत हजर होते. त्यांचे नाव मी घेत नाही, कारण त्यांना त्रास होईल. त्यांना योग्य वाटल्यास ते स्वतः सांगतील.’

मी म्हणालो, "या आठवड्यात जागा नाही हो. बघतो पुढच्या वेळी."

तोंडातून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. म्हातारा मान डोलावून, आभार मानून गेला. आभार मानून! त्याच्यामागे मी कागद फाडला. पुढच्या रविवारी फळ्याचा अर्धा भाग मोकळा होता.

तांबेनं शैलाच्या बाजूनं कार्डधारकांच्या सह्या गोळा करायला घेतल्या. माझ्याकडे आला. "नाना, मतभेद गेले खड्ड्यात. तू तर रोज पहिला असतोस यार. त्या दिवशी होतास ना?" मी म्हणालो, उशीर झाला होता, मागे होतो, काही दिसलं नाही. तो म्हणाला, "मग राहूदे. न बघता सही करणाऱ्यातला तू नाहीस." आणि पुढच्या दारावर गेला. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सतरा सह्या मिळाल्या. त्या दिवशी हजर होतो असं त्यातल्या एकानंही लिहिलं नाही. पोरं सगळ्यांच्याच ओळखीची होती.

दूध खात्यानं चौकशी लावली. ती कशी संपली ते आधीच सांगतो, तुम्हाला ताटकळत ठेवत नाही. केंद्र तिच्याकडून काढून घेतलं. पुढच्या महिन्यापासून खिडकीत दुसरी बाई बसायला लागली. शैला मरोळला कुठल्याशा कारखान्यात पॅकिंगला जाते असं कानावर आलं, मग तेही येईनासं झालं. मी चौकशी केली नाही. पेपरांच्या चुका शोधायला मला रविवारचे चार तास मिळायचे, मरोळला जायला एक दिवस मिळाला नाही.

पण ती सकाळ मला सांगायची आहे. खात्याचा साहेब गाडीबरोबरच आला, सव्वासहाला, म्हणजे रांगेसमोरच सगळं विचारता येईल. टपरीच्या खिडकीशी उभा राहून तो तिची वही चाळत होता. तिच्या तळहाताला अजून पट्टी होती, मळकी झालेली. आणि खिडकीसमोर, हातात दोन रिकाम्या बाटल्या घेऊन, नेहमीप्रमाणे पहिला – मी.

साहेबानं विचारलं, "त्या दिवशी दंगा बंदवाल्या पोरांनी केला की दुधावरून चिडलेल्या लोकांनी? बघणारं कोणी आहे का? कोण होतं समोर?"

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती त्यात, राग नव्हता. ती नुसती थांबली होती. मला वेळ देत होती. माझ्या मागे वीस माणसं होती, आणि मला फक्त एवढं म्हणायचं होतं – मी. एक अक्षर. मी बाटल्यांकडे बघत राहिलो.

मग ती म्हणाली, "नाही साहेब. कोणी नव्हतं."

तिनं माझं कार्ड घेतलं, खूण केली, दोन भरलेल्या बाटल्या पुढे सरकवल्या. "सांभाळून घ्या काका," म्हणाली, "ओल्या आहेत."

एकदा तिनं मला हात धरून आत घेतलं होतं आणि आता माझं नाव लपवलं. दोन्ही वेळा मी तिला तसं करू दिलं, आणि या वेळी दूध घेऊन घरी आलो.