माझ्या नावाने आत बसलेले दोघे

मी चौथीपर्यंत शिकलो. तरी देवासच्या कारखान्यात स्टोअर माझ्याच हातात होतं, आणि दोन हजार सालानंतर तिथं कॉम्प्युटर आले तेव्हा एका बोटाने का होईना, टाइप करायला मीच बसलो. आमच्या आणि इंदूरपलीकडच्या पीथमपूरच्या कारखान्याचा माल आता एकाच यादीत दिसायचा. इकडे मी बेअरिंग दिलं की तिकडे कमी व्हायचं. मला त्याची भारी गंमत वाटे.

सवयी मात्र जुन्याच. रजिस्टरचं पान भरल्याशिवाय मी सही केली नाही कधी, म्हणून पडद्यावरही पानभर चलानं, म्हणजे माल दिल्याच्या चिठ्ठ्या, होईतो सेव्हचं बटण दाबत नसे. शिवाय मशीनवर बसलो की वेळ वहीत लिहायची. लोक हसत. हसू देत.

एकदा सकाळी पडदा गोठला. मी मुकाट्याने शेजारच्या मशीनवर जाऊन पुढच्या चलानापासून सुरू केलं. अर्ध्याहून जास्त पान भरलं आणि एका बेअरिंगपाशी तेही अडकलं. तेवढ्यात फोन. पीथमपूरची कॉम्प्युटर सांभाळणारी मुलगी, आपल्याच मराठी घरातली.

“काका, इथं गाडी भरायची थांबलीय. बेअरिंगची नोंद होत नाहीये. तुमच्या नावाने दोघं आत बसलेत.”

“मी तर एकटाच आहे.”

मागून तिथला स्टोअरवाला म्हणाला, “भिया को बोलो, दोनों काट रहे हैं.” भिया म्हणजे मी; इकडे भैयाला तसंच म्हणतात.

“थांबा की जरा,” ती त्याला म्हणाली. मग मला, “काका, एक कनेक्शन सकाळचं मेलेलं आहे, तेच बेअरिंग धरून बसलंय. दुसरं तुमचं चालू काम, तेही त्याच्याच मागं खोळंबलंय. चुकीचं तोडलं तर तुमचं पान पुसलं जाईल. आत कधी शिरलात, आठवतंय?”

“आठवायचं कशाला? वही आहे.” मी वहीचं पान उलटलं. “पहिलं सव्वानऊ. दुसरं अकरा वीस.”

“मग सव्वानऊचं तोडते. त्यातली चलानं सेव्ह नव्हती, ती मात्र जातील. दोन्हीकडे, जणू टाइप केलीच नव्हती. अर्धवट काही राहणार नाही.”

“किती चलानं?”

“चार.”

“तोड.”

ती म्हणाली, आधी त्याचं काम थांबवते, ते मागं फिरू देते, मगच कनेक्शन काढते. मी पडद्याकडे पाहत राहिलो. आणि एकदम माझी अडकलेली ओळ पुढे सरकली. असा आनंद मला पगारवाढीलाही झाला नव्हता.

“सरकलं बेटा.”

“इथं अजून नाही. आता बेअरिंग तुम्ही धरलंय. सेव्ह करा.”

“पान भरायला नऊ ओळी बाकी आहेत.”

फोनमधून गाडीचा हॉर्न ऐकू आला. मी बटण दाबलं.

“झाली नोंद,” ती म्हणाली. मागून स्टोअरवाल्याने माझ्या वहीबद्दल विचारलं, “भिया वो कॉपी में टाइम लिखते हैं क्या सच में?”

गेलेली चार चलानं मी परत टाइप केली, आणि प्रत्येकाला सेव्ह दाबलं. रजिस्टरवर मात्र सही पान भरल्यावरच केली.