तार ओढून पाहणाऱ्या इंगळे बाई

इंगळे बाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. गौरवग्रंथात असं लिहू नये म्हणतात. पण संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा माझा स्वभाव त्यांना ठाऊक होता, त्यामुळे आता त्यांनी तक्रार करू नये. जयपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रा. वनमाला इंगळे आम्हाला डेटाबेस शिकवत. परीक्षेत त्यांनी प्रश्न घातला होता : एका कापडाच्या दुकानासाठी कोणतं डेटाबेस सॉफ्टवेअर निवडाल? मी एक मोठं नाव निवडलं, त्याची बाजू पानं भरभरून मांडली आणि बाईंनी मला चक्क भोपळा दिला. मी तणतणत स्टाफरूममध्ये गेलो. हिंदीत वाद घालायला सुरुवात केली, पण रागाच्या भरात तोंडातून ‘च्यायला’ निसटलं. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, “मराठी आहेस होय रे? बस मग, नीट भांड.”

मी बसलो. “कोण्या दुकानासाठी लिहिलं तू हे?” त्यांनी विचारलं.

“पेपरात होतं त्या.”

“मी दुकानाबद्दल काही सांगतलं होतं का? एका वेळी किती जण विकतात, वीज किती जाते, बिघडलं तर मालक कोणाले बोलावणार? तू विचारलं का मले?”

“परीक्षेत कोण प्रश्न विचारतं, मॅडम?”

“अन् नोकरीत विचारशील?”

भोपळा कायम राहिला. मी मात्र त्या दिवसापासून मॅडम म्हणणं सोडलं आणि त्या माझ्या बाई झाल्या. बाई मूळच्या अकोल्याच्या, लग्न होऊन जयपूरला आल्या आणि अकोल्याची बोली तशीच्या तशी घेऊन आल्या. आम्ही साताऱ्याकडचे. वडील फौजेत, इथल्या छावणीत बदली होऊन आलेले. माझ्या मराठीत निम्मी हिंदी. माझी मुलगी तर आजही बाईंशी बोलताना दर वाक्याला ‘मतलब’ म्हणते, आणि बाई तिला न टोकता तेच वाक्य मराठीत परत म्हणून दाखवतात.

हा ग्रंथ वाचणारे अनेकजण बाईंना महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सांबारवडी, म्हणजे वऱ्हाडातली कोथिंबीरवडी, तळताना पाहतात. त्या नेमकं काय करत आल्या हे त्यांना कदाचित माहीत नसेल. कोणत्याही व्यवसायाचं सॉफ्टवेअर घ्या. पडद्यावर जे दिसतं त्याच्या पोटात सगळी माहिती तक्त्यांमध्ये, एकमेकांशी जोडून ठेवणारी एक प्रणाली असते. तिला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. अशा प्रणाली बाजारात पुष्कळ आहेत, महागड्या आहेत आणि फुकटही आहेत. यातली कुठली घ्यायची ही निवड एकदा चुकली की वर्षानुवर्षं निस्तरत बसावं लागतं. या शहरातली कितीतरी माणसं ही निवड करण्याआधी राजा पार्कमधल्या बाईंच्या घरी चहाला गेलेली आहेत. तिथे चहा मिळतो, उत्तर मिळत नाही. बाई उलट प्रश्न विचारतात.

माझं पहिलं काम जयपूरजवळच्या बगरू गावातल्या एका कापड-छपाईवाल्याचं होतं. हातछपाईचा प्रत्येक थान, म्हणजे कापडाचा तागा, वेगळा, दुसरा तसाच सापडायचा नाही. त्यांचं एक विक्रीकेंद्र कारखान्यात आणि एक शहरात, आणि एकच थान दोन्हीकडे दोन गिऱ्हाइकांना विकला जायचा. मी घाईघाईने सॉफ्टवेअर लिहायला घेतलं होतं. बाईंनी मला उचलून कारखान्यात नेऊन बसवलं. अख्खा दिवस! रंगाच्या वासाने माझं डोकं उठलं. संध्याकाळी मी वैतागून म्हटलं, “बाई, इथे बसून काय मिळालं?” तेवढ्यात शहरातल्या दुकानाचा फोन आला आणि मालकांनी समोरच्या गिऱ्हाइकाला दाखवत असलेला थान फोनवरच विकून टाकला. दोघांनी एकाच क्षणी मागितलं तर एकाला ठामपणे ‘नाही’ सांगणारा डेटाबेस कशाला लागतो, हे मला तिथे कळलं.

त्यांच्या मायेबद्दल किती सांगू? काम सुरू व्हायच्या आठवड्यात मला टायफॉइड झाला. मी अंथरुणातून फोनाफोनी करत होतो, घरच्यांचा जीव खात होतो. बाईंनी माझा फोन काढून घेतला आणि बरा होईपर्यंत स्वतः बगरूच्या बसने जाऊन त्या मालकांच्या शंका सोडवत बसल्या. वर मला मुगाची खिचडी पाठवत होत्या. त्याबद्दल आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, “बिघडलं तं कोनी तरी तिथं असावं लागते. एवढंच शिकवलं होतं ना मी?”

आता या वर्षाची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. एका रुग्णालयाच्या रक्तपेढीचं सॉफ्टवेअर नव्याने करायचं काम आमच्या छोट्या कंपनीकडे आलं. थान दोनदा विकला तर गिऱ्हाईक चिडतं. रक्ताची एकच पिशवी दोन रुग्णांच्या नावे लागली तर एकाच्या उशाशी ती पोहोचतच नाही. रक्तपेढीचे प्रमुख डॉ. फाटक यांना मोठ्या नावाची, परवान्याची प्रणाली हवी होती. मला मोफत मिळणारी हवी होती, कारण तिची नस न् नस मला माहीत आहे. सोमवारी निर्णय सांगायचा होता. माझं जेवणात लक्ष नव्हतं, गाडी चालवताना सिग्नल दिसत नव्हता. शेवटी बाईंना फोन केला. “बाई, पाया पडतो, फक्त एक नाव सांगा.”

“नाही सांगत. पिशवी चुकली तं तिथं मी उभी राहणार का तू?”

पण सोमवारी त्या ई-रिक्षाने स्वतःच रक्तपेढीत आल्या. मोफत प्रणालीवर केलेला माझा नमुना तिथे चाचणीसाठी लावलेला होता. खिडकीवर काम करणाऱ्या सुनीताजींना त्यांनी एका काल्पनिक रुग्णासाठी एक पिशवी राखून ठेवायला सांगितली. पडद्यावर ‘नोंद झाली’ आलं, चिठ्ठी छापून बाहेर आली. बाई मला म्हणाल्या, “ओढ तार.”

बाईंची ही जुनी पद्धत. कुठलाही डेटाबेस त्या माहितीपत्रकावरून निवडत नाहीत. काम चालू असताना सर्व्हरची विजेची तार ओढायची आणि परत सुरू केल्यावर काय उरलंय ते पाहायचं. मी तार ओढली. यंत्र मेलं. परत सुरू होईपर्यंत मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो. बाई स्टुलावर बसून डॉक्टरांना त्यांच्या आईची तब्येत विचारत होत्या. मग सुनीताजी ओरडल्या, “भैया, ये थैली तो फिर से मिल रही है!”

चिठ्ठी टेबलावर पडली होती आणि पडदा तीच पिशवी पुन्हा कुणालाही द्यायला तयार होता. डॉ. फाटक म्हणाले, “बघा, फुकटच्या वस्तूचं हे असं असतं.” खरं सांगतो, मीही त्या क्षणी डगमगलो. म्हटलं, घ्या तुमची मोठ्या नावाची आणि मला सोडा.

“थांबा हो डॉक्टर,” बाई म्हणाल्या. “मोठ्या नावालेही हीच परीक्षा द्या लागल. पण आधी पाह्य रे, तू हिले काय सांगून ठेवलं?”

मी पाहिलं. पडदा झटपट उत्तर देताना दिसावा म्हणून मीच प्रणालीला सांगून ठेवलं होतं, की डिस्कवर लिहून व्हायची वाट पाहू नकोस, आधी ‘झालं’ म्हणून मोकळी हो. बाईंनी वाकून ते वाचलं आणि हसू लागल्या. “ही तं तुझ्यासारखीच झाली रे बापा! पूर्ण ऐकायच्या आधी हो म्हणते.” सुनीताजीही हसल्या. मला काही हसू आलं नाही.

ती सूट काढून टाकली आणि पुन्हा तार ओढली. पिशवी राखीवच राहिली. नोंदीच्या मध्येच ओढली, तेव्हा नोंदही नव्हती आणि चिठ्ठीही नव्हती, म्हणजे अर्धवट काही नाही. दोन खिडक्यांवरून एकदम तीच पिशवी मागितली, एकीला मिळाली, दुसरीला नकार आला. मग मी बाजूला बसलो आणि सुनीताजींनी कालचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर स्वतः परत आणला. डॉक्टर शेवटी म्हणाले, “बाई, आता आवरा, मला राउंड आहे. तुमचं मत काय?”

बाई पर्स खांद्याला लावून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. मग मीच म्हणालो, “मोफतवाली घेऊ. महिन्यातून एकदा तार ओढून तपासू. बिघडली तर मी इथे उभा असेन.”

“त्याने सांगतलं ना,” बाई डॉक्टरांना म्हणाल्या आणि चालू लागल्या.

परतताना ई-रिक्षात मी हुज्जत घातली. एक शब्द बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? बाई रस्त्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, “मी पंच्याहत्तरची होऊन राहिली. तू फोन करतो, मी उचलते, मलेही बरं वाटते. पण एखाद्या दिवशी नाही उचलला तं?”

“असलं काही बोलू नका, बाई.” मी खरंच चिडलो.

“काऊन? मशीन बंद पडली तं काय, हे तू सगळ्या जगाले विचारत फिरतो. माह्याबद्दल विचारलं तं राग येते?”

घर आलं, त्या उतरल्या, नेहमीसारखं चहाला वर बोलावलं आणि मी पहिल्यांदाच गेलो नाही. राजा पार्कच्या गर्दीत परतीची रिक्षा शोधत नुसता फिरत राहिलो. डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसू द्यायचे नव्हते.

रक्तपेढीतली ती मोफत प्रणाली आता चालू आहे. अजून माझा जीव थाऱ्यावर नसतो. फोन हातात घेतो, बाईंचं नाव काढतो, मग स्वतःलाच त्यांचे प्रश्न विचारतो आणि बहुतेक वेळा उत्तर निघतं.

बाई, तुमची शंभरी आम्हाला अशीच धडधाकट पाहायची आहे. गुडघे कुरकुरू नयेत, डोळे साथ देत राहोत आणि आमच्या पोरांच्या तोंडी तुमची अकोल्याची मराठी बसो. तुमच्यावाचून निर्णय घेता येतो, हे तुम्ही मला शिकवलंत. तुमच्यावाचून राहायचं कसं, ते मला शिकायचं नाही. मी फोन करीन तेव्हा उचला, बाई. विचारण्यासारखं काही उरलं नसलं, तरी मी करणार आहे.