डीबाहेरून दोन गोल

सेक्रेटरी काकांना कुठलाही खेळ आहे तसा बघवत नसे. कॅरम बघायला उभे राहिले तरी पाच मिनिटांत म्हणत, “यात एक सुधारणा पाहिजे.” लग्नाच्या पंगतीतही त्यांनी एकदा सुचवलं होतं, की शेवटी बसणाऱ्याला जिलेबी आधी वाढावी. ते सिंचाई विभागात बाबू होते. पण मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात त्यांना ओळखत ते दरवर्षीच्या फुटबॉल स्पर्धेचे सेक्रेटरी म्हणून.

त्या वर्षांत स्पर्धेची रया गेली होती. नागपूर-जबलपूरचे संघ पगारी खेळाडू आणत. ती मंडळी पाय जपून खेळत आणि सामना शून्य-शून्यवर सुटे. लोक अर्ध्यातून उठून जाऊ लागले. पुढच्या वर्षी मैदान क्रिकेटला द्यावं, असं कमिटीत उघड बोललं जाऊ लागलं. तेव्हा काकांनी आपली सुधारणा काढली आणि माइकवरून जाहीर केली: “डी के बाहर से मारा, तो एक नहीं, दो गोल!” डी म्हणजे गोलसमोरची मोठी चौकट.

पंधरा दिवस गावाला वेड लागलं. लालबर्रा, किरनापूरहून लोक जीप भरून येत. डीबाहेर कुणाच्या पायाशी चेंडू आला, की अख्खं मैदान ओरडे, “मार! मार!” निम्मे फटके मागच्या राइस मिलच्या आवारात पडत. काका ते बघून लहान मुलासारखे टाळ्या पिटत.

मी गावच्या संघाचा गोलकीपर होतो. अंतिम सामन्यात आम्ही जवळून दोन गोल केले होते, जबलपूरचा एकच झाला होता. शेवटच्या मिनिटाला त्यांच्या एका पगारी गड्याने लांबून फटका मारला. चेंडू माझ्यासमोर टप्पा पडून उसळला आणि हातातून निसटून जाळीत गेला. तीन-दोन.

लोक मैदानात घुसले. “काका, नियम हटाओ!” अध्यक्षांनीही कानात सांगितलं, दोघांना मिळून विजेते करून टाका. काका माइकपाशी गेले. “पंधरा दिवस नियम चांगला होता. आज आपल्यावर आला तं वाईट झाला का?” म्हणाले, आणि त्यांनी कप जबलपूरच्या हाती दिला. बाहेर येऊन बघतात तर कुणीतरी त्यांच्या सायकलची हवा सोडलेली. ती ढकलत ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात. मी आतल्या खोलीतून बाहेर येईना.

“काहून लपून राह्यला रे? नियम मी केला, गोल तू खाल्ला. चाल, दोघंही मैदानावर जाऊ.”

मैदानात त्यांनी डीबाहेर चेंडू ठेवला, धावत आले आणि लाथ मारली. चेंडू तिथंच राहिला. चप्पल मात्र उडून गोलमध्ये आली. “अबे, चप्पल तरी अडव!” ते ओरडले. कालपासून मी पहिल्यांदा हसलो.

मग रोज सकाळी ते येत. स्वतःला जमेना तेव्हा रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारत. दूधवाला, पोस्टमन, ऑफिसचा चपराशी, सगळ्यांनी मला गोल मारून पाहिले. “हरेकाची लाथ अलग असते. सगळ्यायची ओळख करून घे,” काका म्हणत.

पुढच्या वर्षी राज्याच्या संघटनेचं पत्र आलं: आपल्या मनाने केलेले नियम चालणार नाहीत. काकांनी पत्र फाइलला लावलं. पण मैदान क्रिकेटकडे गेलं नाही. लांबून मारायची चटक खेळाडूंना लागली होती आणि लोकांना ओरडायची.

दोन वर्षांनी नागपूरच्या एका क्लबने मला पगारावर बोलावलं. काका स्टेशनवर आले. गोंदियाची छोटी गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर चालू लागले.

“तिथं लांबचा गोल एकच मोजतीन बरं का!”

“हौ काका, माहीत हाय मले.”

“तू दोन समजूनच अडवजो!”