शेवटच्या ओळीतला शब्द

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतेय? दमले म्हणून. लपवण्याचाही शीण येतो — तुम्हालाही ठाऊक असेल.

ओहायोतल्या डब्लिनमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून सलमाखाला राहतात. पॅलेस्टाईनच्या; त्या फलस्तीन म्हणतात. सत्तरीच्या आहेत, आयुष्यभर मुलांना अरबी शिकवलं, अजूनही कविता लिहितात. खाला म्हणजे मावशी — हे त्यांनीच पहिल्या भेटीत सांगितलं, आणि आंटी म्हणायचं नाही अशी तंबीही दिली. आमचं जमलं ते शब्दांवरून. त्यांचा साबून, आमचा साबण. त्यांचा हक्क, आमचाही हक्कच. एकदा त्या मायदेशाला 'वतन' म्हणाल्या, तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की आमच्याकडे वतन म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांना राजाकडून मिळालेली जमीन, पिढीजात. त्या म्हणाल्या, "देतात? म्हणजे काढूनही घेत असतील." मी चहा ओतला.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात कवितांची पानं माझ्याकडे होती. खालांची एक कविता मराठीत करायची असं मीच ठरवलं. त्या एकेका ओळीचा अर्थ इंग्रजीत सांगायच्या, मी मराठीत लिहायचे. सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी एक बाई उभी आहे. तिला जन्मस्थळ विचारतात. कॉम्प्युटरवर तिचा देश सापडतच नाही, खिडकीमागची मुलगी वैतागून भलतंच काहीतरी निवडते. कविताभर देशाचं नाव येत नाही. शेवटच्या ओळीत ती बाई ते मोठ्याने म्हणते. एकदाच. सगळी कविता त्या एका शब्दासाठी लिहिली होती — हे मला कळलं नव्हतं का? चांगलं कळलं होतं.

आमच्या ग्रीन कार्डचं घोंगडं भिजत पडलं होतं, हे खरं. पण इमिग्रेशनच्या ऑफिसात मराठी दिवाळी अंक वाचत कोण बसलंय? आमच्या मंडळातलेच लोक वाचत नाहीत. संपादक काकांनी काही सुचवलं म्हणावं, तर तेही नाही. ते फक्त जाहिराती मोजत होते. भीती होती ती एवढीच — मंडळाच्या पॉटलक जेवणाला कुणीतरी ताट हातात घेऊन म्हणेल, "हे राजकारण कशाला मध्येच, यार?" आणि चार जण माझ्याकडे बघतील. बस. एवढ्यासाठी.

मी तो शब्द काढला. तिथे 'कुठेतरी' असं लिहिलं. ती बाई शेवटी मोठ्याने म्हणते, 'कुठेतरी'. लोकांना फार आवडलं. एक काकू म्हणाल्या, काय सूचक शेवट केलाय. मी थँक्यू म्हटलं.

पण इथेच थांबले असते तर कदाचित गिळून टाकलं असतं मी. अंक घेऊन खालांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, पानावर हात फिरवला, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "यातलं फलस्तीन कुठलं?" त्यांना देवनागरीचं एक अक्षर वाचता येत नाही. मी काय करायला हवं होतं? खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांचं बोट धरलं आणि 'कुठेतरी'वर नेऊन ठेवलं. त्या बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "किती सुंदर दिसतं तुमच्या लिपीत."

महिन्याभराने त्यांनी तो शब्द भरतकामात भरला. लाल दोरा, बारीक फुल्यांचा टाका — त्यांच्या आईने शिकवलेला. चौकट करून बैठकीत लावला. तीन वर्षं तो तिथे आहे. कुणी आलं की त्या कौतुकाने दाखवतात, हे आमचं नाव, माझ्या शेजारणीच्या भाषेत. मी समोर बसलेली असते. मान डोलावते. मराठी वाचणारं कुणी त्या घरात येऊ नये असं मला वाटत असतं, आणि असं वाटतं म्हणून स्वतःची शिसारी येते. तरी दर आठवड्याला जाते. त्यांच्या हातचं जेवते.

गेल्या रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या तीन बहिणी आहेत, तिघी तीन देशांत. तिघींसाठी तोच शब्द भरायला घेतलाय. चौकटीच्या कागदावर फुल्या काढून नमुना केला होता. म्हणाल्या, "माझा हात आता कापतो. एकदा बघून दे, देशाचं नाव चुकायला नको."

मी बघितलं. 'ठे'वरची मात्रा राहिली होती.

पेन्सिल घेतली आणि मात्रा देऊन टाकली.